गोंडवाना क्लब: एका नांवाचा इतिहास

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील गोंडवाना क्लब ही ब्रिटिश अमदानीची खूण. नांव मात्र गोंडांच्या देशाचें. देवगडच्या गोंड राजानें, बख्तबुलंदानें, १७०२ च्या सुमारास नागपूर वसविलें. १८७२ मध्यें भूगर्भशास्त्रज्ञ मेडलिकॉट यानें मध्य हिंदुस्थानांतील कोळशाच्या खडकांस हेंच नांव दिलें. १८८५ मध्यें स्यूसनें तें एका प्राचीन महाखंडास लाविलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं रामटेकजवळ मनसर येथें मँगनीज निघूं लागलें व तें परदेशीं जाऊं लागलें. १९६२ मध्यें या खाणींचा कारभार देशी कंपनीकडे आला. गोंडांचें नांव असें खडकांत, नकाशांत आणि साहेबांच्या दारावर कोरलें गेलें; पण त्या दारांतून गोंड आंत गेलाच असेल, तर तो चाकर म्हणून, सभासद म्हणून नव्हे.