लहान विमान, कमी वेतन : कोलकात्याहून उडणाऱ्या वैमानिकांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

शिलाँग, तेजपूर, लीलाबारी यांसारख्या ईशान्य भारतातील विमानतळांना कोलकात्याशी जोडण्याचे काम गेली कित्येक दशके मुख्यतः लहान विमानांनी केले आहे. शिलाँगजवळील उमरोईची धावपट्टी आखूड असल्याने तेथे मोठी जेट विमाने उतरविणे कठीण होते, तर इतर काही ठिकाणी प्रवाशांची संख्याच मर्यादित असते. ही विमाने चालविणाऱ्या वैमानिकांना मोठ्या विमानांवरील सहकाऱ्यांपेक्षा सर्वसाधारणपणे कमी वेतन मिळते. हा फरक कितपत न्याय्य आहे, हा विमान वाहतूक क्षेत्रातील जुना वाद आहे.

वैमानिकाच्या उत्पन्नात मूळ वेतनापेक्षा उड्डाणभत्त्याचा वाटा अनेकदा मोठा असतो. हा भत्ता तासांवर मोजला जातो आणि त्याचा दर वैमानिकाचे पद व विमानाचा प्रकार यांनुसार ठरतो. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा वेळ यात धरला जातो. दोन उड्डाणांमध्ये विमानतळावर गेलेला वेळ सहसा धरला जात नाही. कोलकाता ते दिल्ली हे सुमारे सव्वादोन तासांचे उड्डाण एकदाच उतरून पूर्ण होते. तेवढेच तास ईशान्येतील छोट्या टप्प्यांवर भरायचे, तर वैमानिकाला दोन-तीन वेळा विमान उतरवावे लागते. पावसाळ्यात डोंगराळ भागातील ढगांमधून वाट काढत उतरणे हे त्यांतील सर्वांत कष्टाचे काम असते. त्याचा मोबदला मात्र तासाच्या दरानेच मिळतो, तोही कमी दराने.

पंख्यांच्या विमानाचा वेग कमी असल्याने त्याच अंतराला तास तरी अधिक भरतात. लहान जेटच्या वैमानिकाला ती सवलतही नाही. ५० ते ७० आसनांचे जेट जवळपास मोठ्या विमानाच्याच वेगाने आणि त्याच हवाई मार्गांवरून उडते. त्यामुळे तास वाढत नाहीत आणि दरही कमी राहतो. आसने कमी असली म्हणून जबाबदारी कमी होत नाही, असा वैमानिकांचा युक्तिवाद असतो. आसने कमी म्हणजे तिकिटांचे उत्पन्न कमी, त्यातून मोठ्या विमानाइतके वेतन देणे परवडत नाही, असे कंपन्या म्हणतात. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत. म्हणूनच हा वाद मिटत नाही.

वायुदूत ते अलायन्स एअर

ईशान्येसाठी वेगळी विमान कंपनी हवी, या विचारातून जानेवारी १९८१ मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांनी मिळून वायुदूत ही कंपनी स्थापन केली. तोट्यात गेलेली ही कंपनी १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला. पुढे १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सने अलायन्स एअर ही उपकंपनी सुरू केली. खर्च कमी ठेवणे हा तिचा एक मुख्य हेतू होता आणि तिचे बरेचसे कर्मचारी मुदतबंद कराराने नेमलेले होते.

ईशान्य परिषदेशी झालेल्या करारानुसार २००२-०३ पासून अलायन्स एअरची एटीआर-४२ ही सुमारे ५० आसनांची विमाने कोलकात्याहून ईशान्येत उडू लागली. तोटा भरून काढण्यासाठी परिषद अनुदान देत असे. ही व्यवस्था २०११ अखेर संपली. दरम्यान कंपनीने सीआरजे-७०० ही ७० आसनांची चार जेट विमानेही भाड्याने घेतली होती.

याच काळात खासगी कंपन्यांचा विस्तार झाला आणि अनुभवी वैमानिकांची चणचण भासू लागली. लहान विमानावर तास जमवायचे आणि एअरबस किंवा बोइंगवर जागा मिळताच निघून जायचे, हा क्रम रूढ झाला. लहान मार्ग चालविणाऱ्या कंपन्या यामुळे जणू प्रशिक्षण केंद्रेच बनल्या. अखेर २००५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांना नोकरी सोडण्यापूर्वी सहा महिन्यांची पूर्वसूचना देणे बंधनकारक केले.

समान वेतनासाठी संप

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे २००७ मध्ये विलीनीकरण झाले, तरी दोन्हीकडच्या वैमानिकांच्या सेवाशर्ती वेगळ्याच राहिल्या. पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनने २७ एप्रिल २०११ पासून संप पुकारला. समान वेतन आणि ठरावीक तासांच्या उड्डाणभत्त्याची हमी या त्यांच्या प्रमुख मागण्यांपैकी होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई करूनही संप सुरू राहिला. व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढून घेतली, काही पदाधिकाऱ्यांना बडतर्फ केले. दहा दिवसांनी, ६ मे रोजी तडजोड झाली. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. हा वाद मुख्य कंपनीतील वैमानिकांपुरता होता. उपकंपनीत लहान विमाने चालविणारे त्याच्या परिघाबाहेर होते.

अमेरिकेत हा प्रश्न अधिक उघडपणे लढला गेला. डेल्टा एअरलाइन्सच्या कॉमएअर या प्रादेशिक उपकंपनीतील वैमानिकांनी मार्च २००१ मध्ये सुरू केलेला संप ८९ दिवस चालला. प्रादेशिक कंपन्यांनी किती आसनांपर्यंतची विमाने चालवावीत, याच्या मर्यादा तेथील मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांनी आपल्या वेतन करारांतच घालून घेतल्या आहेत. स्वस्त वैमानिकांकडून आपले काम काढून घेतले जाईल, ही त्यामागची भीती होती. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरच्या विमानाला झालेल्या अपघातात ५० जण मरण पावले. अपघाताचे कारण कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे ठरले. तथापि सहवैमानिकेचे वार्षिक वेतन १६ हजार डॉलरच्या आसपास होते, ही सुनावणीत पुढे आलेली माहिती अमेरिकी जनतेला धक्का देणारी होती.

उडान योजनेनंतर

भारतात लहान विमानांचे महत्त्व २०१७ पासून पुन्हा वाढले. उडान योजनेची पहिली उड्डाणे २७ एप्रिल २०१७ रोजी झाली. त्यांत महाराष्ट्रातील नांदेडहून हैदराबादला जाणाऱ्या विमानाचाही समावेश होता. कोल्हापूर ते मुंबई मार्गावर ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टार एअरने एम्ब्रेअर हे ५० आसनांचे जेट सुरू केले. योजनेत सुमारे तासाभराच्या प्रवासाचे भाडे सुरुवातीस अडीच हजार रुपयांवर मर्यादित करण्यात आले आणि सरकारी अनुदान आसनांच्या संख्येवर मोजले गेले. वैमानिकाच्या दराचा तिढा त्यातून सुटला नाही.

एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली, तेव्हा अलायन्स एअर या व्यवहारातून वगळून सरकारकडेच ठेवण्यात आली. त्याआधी, २०१७ मध्ये, महासंचालनालयाने कॅप्टन पदावरील वैमानिकांसाठी पूर्वसूचनेची मुदत सहा महिन्यांवरून एक वर्ष केली होती. सहवैमानिकांसाठी ती सहा महिनेच राहिली.