सायकल, गाडा आणि बंद फाटक



टोमॅटोचा तोडा सुरू आहे. आमचं रान पाणंदीपासून साधारण सातशे मीटर आत. बैलजोडी मागच्या वर्षी विकली, आणि मधल्या बांधावरून ट्रॅक्टर न्यायला शेजारी तयार नाही. त्याचंही खरं आहे, पावसात ट्रॅक्टर गेला की बांध राहतोय कुठं? तो म्हणाला, "सायकल ने, डोक्यावरनं ने, पण इंजिन नको." तेव्हापासून मी सायकलला गाडा जोडायच्या नादाला लागलो. वाचत वाचत थेट अमेरिकेतल्या शिकाऱ्यांपर्यंत पोचलो.

आधीच सांगतो, आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. तिथं परवाना आणि हंगाम ठरवून ती चालते. मला शिकारीशी देणंघेणं नाही, ओझ्याशी आहे.

डोंगरात सायकल नेण्याचा खटाटोप तिकडं जुना आहे. १८९७ साली लेफ्टनंट जेम्स मॉस यांनी २५ व्या पायदळ पलटणीतले वीस कृष्णवर्णीय शिपाई घेऊन मोंटानातल्या फोर्ट मिसूलाहून सेंट लुईस गाठलं. सुमारे १९०० मैल, ४१ दिवस. तंबू, अंथरूण, शिधा, बंदूक सगळं सायकलीवरच. वाटेत चिकट चिखल चाकांना असा बसायचा की खरवडल्याशिवाय पुढं जाता येईना. शेवटी लष्करानं तो नाद सोडला.

पुढं १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात मरिन भागातली पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरनं खाली सोडायला लागली. १९७६ पासून ज्या उतारावर त्यांच्या शर्यती झाल्या, त्याचं नाव 'रीपॅक'. उतरताना मागच्या ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं, दरवेळी नवीन भरावं लागायचं, म्हणून ते नाव. १९८१ ला 'स्टम्पजम्पर' कारखान्यात बनून बाजारात आली आणि माउंटन बाइक सामान्य माणसाच्या हाती पडली.

ती शिकाऱ्याच्या कामाची कशी? तिकडच्या सरकारी जंगलात बरेच कच्चे रस्ते फाटक लावून गाड्यांना बंद केलेले असतात. एल्क, म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊच, गाड्यांच्या रस्त्यापासून लांब राहतो. जिथं परवानगी आहे तिथं सायकल फाटकाच्या पलीकडं जाते. जाणं सोपं, येणं अवघड. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांसही शंभर किलोच्या आसपास भरतं, आणि उशीर झाला तर ते नासतं. म्हणून मागं गाडा, आणि दोन-तीन खेपा. आपल्या टोमॅटोसारखंच की!

पण सगळीकडं चाक चालत नाही. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यानं राखीव रानात यांत्रिक वाहतूक बंद केली, आणि १९८४ च्या वन खात्याच्या नियमानं तिथं सायकललाही मनाई पक्की झाली. हातानं ओढायचा गाडाही नाही. घोडा, खेचर मात्र चालतं. आमच्या शेजाऱ्यानं रेघ इंजिनावर ओढली, त्यांनी चाकावर.

आता माझा गाडा. जुन्या सायकलची दोन चाकं, चौकोनी पाइपचा सांगाडा. पहिल्यांदा जोड सीटखालच्या पाइपला बांधला. वळणावर गाडा कलला आणि तीन कॅरेट टोमॅटो चारीत. बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. मग जोड खाली मागच्या चाकाच्या आसापाशी घेतला, वजन गाड्याच्या चाकांवर ठेवून जरासंच पुढं. आता चार कॅरेट, म्हणजे ऐंशी किलो, नीट येतात. उतारावर भरलेला गाडा सायकलला पुढं ढकलतो, नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवू नका. मी उतरून चालतो.

कालपर्यंत सव्वीस कॅरेट असेच काढले. बांध शाबूत आहे, शेजाऱ्याशी बोलणंही आहे.

एक गोष्ट राहिली. आमचं रान काळं. पाऊस लागला की मॉसच्या शिपायांसारखी गत होणार. मडगार्ड काढून टाकलेत, पण तेवढ्यानं भागेल असं वाटत नाही. काळ्या चिखलात कोणी असा गाडा चालवला असेल तर सांगा, तोडा अजून महिनाभर आहे.