अरण्यांतील उमेदवारी



‘उमेदवार’ हा शब्द आज बहुधा निवडणुकीच्या दिवसांतच आपल्या कानांवर पडतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं त्याचा अर्थ निराळा होता. चार बुकें शिकलेला तरुण मामलेदार-कचेरींत जाऊन कारकुनाच्या शेजारीं बसे. नकला करी, मोडी दप्तर चाळी, आणि पगाराची जागा रिकामी होण्याची वाट पाही. ह्या बिनपगारी कामास ‘उमेदवारी करणें’ असें म्हणत. उमेद म्हणजे आशा. शब्द फारसींतून आलेला. आशेवर काम करणारा तो उमेदवार. आजच्या वैद्यक महाविद्यालयांत ह्याच गोष्टीस ‘आंतरवासिता’ असें भारदस्त नांव आहे, आणि बोलतांना विद्यार्थी तिला ‘इंटर्नशिप’ म्हणतात.

जुन्या उमेदवारीची एक बाजू चांगली होती व एक वाईट. चांगली अशी कीं, धंदा पत्करण्यापूर्वीं तो जवळून पाहावयास मिळे. वाईट अशी कीं, ज्याच्या घरीं बसून खाण्यापुरतें धान्य असे, त्यालाच ती परवडे. ह्या दोन्ही बाजू मी आज जुन्या चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या, इतिहासांतून आपणांपुढें मांडणार आहें. पदवी हातीं आल्यावर ‘आतां पुढें काय?’ असें स्वतःस विचारणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांत कांहीं उपयोगाचें सांपडेल, असा मला भरंवसा वाटतो.

चांदा जिल्ह्याचें नांव १९६४ सालीं चंद्रपूर झालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याचा पूर्वभाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा करण्यांत आला. गडचिरोलीचा सुमारें तीन-चतुर्थांश मुलूख आजहि अरण्यानें व्यापलेला आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं निघालें. गडचिरोलीचें गोंडवाना विद्यापीठ २०११ सालीं. मधल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांत ह्या अरण्यांतील मुलाची पदवी नागपूरच्या वाटेनेंच यावयाची, आणि पुष्कळदां पदवीच्या मागोमाग मुलगाहि नागपुरासच राहावयाचा.

इंग्रजी अमदानींत ह्या मुलखांत शिकलेल्या माणसास जीं नवीं कामें मिळालीं, त्यांत वनखात्याचें काम मोठें होतें. १८७८ सालीं डेहराडून येथें वनविद्येची शाळा निघाली. हिंदुस्थानच्या वनांचा नवा कायदाहि त्याच वर्षींचा. वनविद्या केवळ पुस्तकांतून शिकतां येत नाहीं. कोणत्या जमिनींत साग कसा वाढतो, किती झाडें तोडावीं आणि किती राखावीं, हें वनांत हिंडून, बुंधे मोजून, अंगीं आणावें लागतें. आलापल्लीच्या सागवनांत आणि बल्लारशाच्या लाकूड-आगारांत हाच अभ्यास पिढ्यान् पिढ्या चालला, आणि पुढें खुद्द चंद्रपुरासहि वनाधिकाऱ्यांच्या शिक्षणाची संस्था उभी राहिली. परंतु ज्या गोंड व माडिया माणसास प्रत्येक झाडाचें नांव, त्याच्या फुलण्या-फळण्याची वेळ आणि पाणवठ्याची वाट ठाऊक होती, तो ह्या व्यवस्थेंत वाटाड्या किंवा मजूर म्हणूनच राहिला. शिकाऊ अधिकारी त्याच्यापासून शिकला. दाखला मात्र अधिकाऱ्यास मिळाला. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवूं, कारण पुढें आपणांस तिच्याकडे परत यावयाचें आहे.

विसाव्या शतकांत ह्या प्रश्नाकडे निराळ्या नजरेनें पाहणारी माणसें शेजारच्या वर्ध्यास जमलीं. ऑक्टोबर १९३७ मध्यें तेथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-परिषद भरली, आणि हातांनीं करावयाच्या उत्पादक कामांतून विद्या द्यावी हा ‘नई तालीम’चा विचार देशापुढें आला. त्याच वर्ध्याजवळ, दत्तपूर येथें, मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं कुष्ठधाम काढलें होतें. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, दत्तपुरास जाऊन रोग्यांची शुश्रूषा शिकले. पुढें, डॉक्टर नसतांनाहि, कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयांत त्यांनीं कुष्ठरोगाचा अभ्यास केला. चालती वकिली बाजूस सारून प्रौढ वयांत केलेली ही उमेदवारीच होती! १९४९ सालीं त्यांनीं महारोगी सेवा समिती स्थापिली, आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभें राहिलें. मूल तालुक्यांतील सोमनाथ येथें पुढें त्यांनीं तरुणांसाठीं श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ऐन मे महिन्याच्या उन्हांत महाविद्यालयीन मुलें-मुली तेथें कुदळ-फावडें हातीं घेतात, आणि मग एकत्र बसून देशाच्या व स्वतःच्या भवितव्याचा विचार करतात.

२३ डिसेंबर १९७३ रोजीं भामरागडजवळ हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला. बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे त्या वेळीं नागपुरास शस्त्रक्रियेचें पुढील शिक्षण घेत होते. तें अर्ध्यावर सोडून ते व त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी तेथें राहावयास गेलीं. वीज नाहीं, पावसाळ्यांत रस्ता नाहीं, आणि रोगी जी भाषा बोलतो ती डॉक्टरास येत नाहीं, अशी स्थिति होती. महाविद्यालयांत न शिकविलेली माडिया भाषा त्यांना आधीं शिकावी लागली. १९७६ सालीं तेथें निवासी शाळा निघाली, आणि तींत शिकलेल्या माडिया मुलांपैकीं कांहीं पुढें डॉक्टर व वकील झालीं.

हाच अनुभव डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचा. नागपूरचें वैद्यकीय शिक्षण आणि अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण संपवून हें दांपत्य परत आलें, आणि १९८६ सालीं त्यांनीं गडचिरोलींत ‘सर्च’ ही संस्था काढली. त्यांच्या कामांतील एक प्रसंग आपल्या विषयास फार जवळचा आहे. नवजात बालकें खेड्यांत मरत होतीं आणि दवाखाना दूर होता. तेव्हां त्यांनीं गांवांतल्याच बायांना हें काम शिकविलें: बालकाचें वजन करणें, श्वास मोजणें, त्याला ऊब देणें, धोक्याचीं चिन्हें ओळखणें आणि औषध देणें. ३९ गांवांतील ह्या प्रयोगाचा वृत्तांत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला. तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें तिसऱ्या वर्षीं नवजात-मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं उतरलें होतें. पुढें २०११ सालीं घरोघरच्या नवजात-सेवेचें हें काम देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांकडे सोंपविण्यांत आलें. ह्या प्रयोगांत उमेदवार कोण होते? पदवीधर नव्हेत, थोडेंसें लिहितां-वाचतां येणाऱ्या खेड्यांतल्या स्त्रिया. त्यांना शिकविणारें माणूस जवळ होतें, हातीं दिलेलें काम खरें होतें, आणि त्या कामाचा मोबदलाहि होता.

डॉ. अभय बंग स्वतः लहानपणीं सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेंत शिकलेले. २००६ सालीं त्यांनीं महाविद्यालयीन तरुणांसाठीं ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रांतील तरुण-तरुणी गडचिरोलीजवळच्या शोधग्रामांत शिबिरास येतात. आपणांस काय येतें, काय आवडतें, आणि समाजास कशाची गरज आहे, ह्या गोष्टींचा एकत्र विचार करतात. खेड्यांत जाऊन लोकांचे प्रश्न डोळ्यांनीं पाहतात. त्यांतले कित्येक पुढें एखादें वर्ष किंवा अधिक काळ अशा कामावर राहिले. धंदा कोणता निवडावा, ह्या प्रश्नासाठीं मराठी मुलखांत झालेला हा एक विचारपूर्वक प्रयत्न होय.

आतां ह्या इतिहासांतील एक सल बोलून दाखवितों. पुण्या-मुंबईचा तरुण ह्या अरण्यांत येतो, आणि आपल्या आयुष्यास दिशा घेऊन परत जातो. तें चांगलेंच आहे. परंतु एटापल्लीचा किंवा कोरचीचा पदवीधर काय करतो? तो पुष्कळदां जिल्ह्याच्या गांवीं एक खोली घेऊन पोलीस-भरतीची किंवा तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करीत बसतो. त्याच्या घरच्यांनीं धान विकून, मोहफुलें वेंचून, तेंदूपानें तोडून त्याचें शिक्षण केलेलें असतें. त्याला ‘सहा महिने फुकट काम कर, अनुभव मिळेल’ असें सांगणें म्हणजे जुन्या कचेरीचाच न्याय त्यास लावणें होय. त्याची उमेद कमी नसते; तोपर्यंत खावें काय, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

कायद्यानें हा प्रश्न ओळखला आहे. १९६१ सालच्या कायद्यांत ‘शिकाऊ उमेदवार’ हा आपला जुना शब्द टिकून राहिला, आणि त्या उमेदवारास विद्यावेतन देणें कारखान्यावर बंधनकारक झालें. चंद्रपूरचें औष्णिक वीजकेंद्र, कोळशाच्या खाणी, आणि अलीकडे गडचिरोलींत कोनसरी येथें उभा राहत असलेला पोलादाचा उद्योग, ह्या ठिकाणीं हात चालविणाऱ्या तरुणास त्यामुळें वाट आहे. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं युवा कार्यप्रशिक्षणाची योजना काढली. तींत सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठीं बारावी उत्तीर्णास दरमहा ६,००० व पदवीधरास १०,००० रुपये ठरविण्यांत आले. मात्र सहा महिने म्हणजे एक हंगाम. त्यानंतर काय, हें उमेदवारानें पहिल्याच दिवशीं विचारून ठेवावें.

ह्या जिल्ह्यांत एक निराळी जागाहि तयार झाली आहे, आणि ती फारशी कोणाच्या नजरेंत नाहीं. धानोरा तालुक्यांतील मेंढा ह्या गोंड गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारहि ग्रामसभेच्या हातीं आला. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासह ह्या गांवानें त्याच्या कितीतरी आधीं अभ्यासगट चालविला होता. बाहेरचा जाणता व गांवचा माणूस त्यांत एका पंक्तीस बसून शिकत. मेंढ्याच्या मागोमाग जिल्ह्यांतील इतर अनेक गांवांनाहि असे हक्क मिळाले. आतां अशा ग्रामसभेस हिशेब ठेवणारा हवा, वन मोजणारा हवा, लिलावाचे कागद वाचणारा हवा, पुढील दहा वर्षांच्या तोडीचा व लागवडीचा आराखडा करणारा हवा. वाणिज्य, वनस्पतिशास्त्र, भूगोल, कायदा, ह्यांपैकीं कोणत्याहि विषयाच्या विद्यार्थ्यास येथें काम आहे. आणि येथें गुरु कोण? जो पूर्वीं वाटाड्या म्हणून पुढें चालत होता, तोच!

तेव्हां विद्यार्थ्यांस माझें सांगणें एवढेंच. कोठेंहि उमेदवारीस जातांना तीन गोष्टी पाहाव्या. शिकविणारें माणूस आहे कीं नाहीं. हातीं येणारें काम खरें आहे कीं नुसतें चहा-कागद नेण्याचें. आणि तितके दिवस पोटास आधार आहे कीं नाहीं. पहिल्या दोन गोष्टी विद्यार्थी स्वतः तपासूं शकतो. तिसरी त्याच्या एकट्याच्या हातची नाहीं. ती विद्यापीठानें, शासनानें व कारखानदारानें पाहावयाची आहे. ज्या ग्रामसभेस बांबूचे व तेंदूपानांचे पैसे मिळतात, तिनेंहि आपल्या गांवच्या एका मुलास किंवा मुलीस वर्षभर विद्यावेतन देऊन हिशेबास बसवावें. मग त्या गांवचा उमेदवार रिकाम्या जागेची वाट पाहत बसणार नाहीं. जागा त्याच्याच गांवांत असेल.