९ जून १८६१ : लेबनॉन पर्वताचा वेगळा जिल्हा

ऑटोमन साम्राज्यातल्या एका डोंगरी जिल्ह्याच्या कारभाराचे नियम ९ जून १८६१ रोजी इस्तंबूलमध्ये ठरले. त्यावर सह्या मात्र सुलतानाच्या दरबाराबरोबर ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रिया, प्रशिया आणि रशियाच्याही! आदल्या वर्षी लेबनॉनच्या डोंगरांत मारोनी ख्रिस्ती आणि द्रूझ यांच्यात कत्तली झाल्या होत्या, दमास्कस पेटले होते आणि फ्रेंच फौज उतरली होती.

तोडगा चतुर निघाला. गव्हर्नर ख्रिस्ती, पण स्थानिक नको. पहिला मान दाऊद पाशा या आर्मेनियन कॅथलिक अधिकाऱ्याला मिळाला. बारा जणांच्या सल्लागार मंडळात सहा पंथांना प्रत्येकी दोन जागा होत्या. हे समसमान वाटप मारोनींना कसे पटावे? संख्येने तेच जास्त! १८६४ मध्ये नवी वाटणी झाली : मारोनी चार, द्रूझ तीन, ग्रीक ऑर्थोडॉक्स दोन, ग्रीक कॅथलिक, सुन्नी आणि शिया प्रत्येकी एक.

बैरूत बंदर मात्र जिल्ह्याबाहेरच. डोंगरात तुती लावायची, रेशीम काढायचे आणि ते परक्या हद्दीतून फ्रान्सला धाडायचे!

पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ऑटोमन सरकारने ही स्वायत्तता मोडीत काढली. पंथवार जागावाटप लेबनॉनच्या संसदेत आजही आहे.