प्लेगच्या मुंबईतील जातवार इस्पितळे

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या दाट वस्तीत, एक अपरिचित ताप दिसू लागला. त्या भागात वैद्यकी करणारे डॉ. आकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे गृहस्थ; ते नगरपालिकेचे सभासदही होते. हा ताप म्हणजे गाठीचा प्लेग होय, असे त्यांनी उघडपणे सांगितले. व्यापाराच्या शहराला ही वार्ता रुचणे शक्यच नव्हते. तरीही ती खरी ठरली, आणि वर्ष पालटण्यापूर्वीच शहर ओस पडू लागले. पुढील वर्षाच्या प्रारंभापर्यंत सव्वाआठ लाखांच्या या नगरीतून जवळजवळ निम्मी माणसे कोकणच्या, घाटावरच्या आणि गुजरातच्या वाटेला लागली होती.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी फर्मान काढले. रोग्यास त्याच्या आप्तांच्या इच्छेविरुद्धही उचलून इस्पितळात न्यावे, असा त्याचा आशय होता. हेतू वाईट नव्हता. परंतु ज्या लोकांवर हा हुकूम बजावायचा, त्यांच्या मनात इस्पितळाचे चित्र काय होते याचा विचार कोणीच केला नाही. परक्याच्या हातचे पाणी, परक्याचा स्पर्श, भेटीस मज्जाव, आणि मरण आले तर देहाची काय गत होईल याची शंका! इस्पितळात माणसांच्या शरीरापासून मोमियाई काढतात, अशी अफवा पसरली. त्याच महिन्यात कोणी राणीच्या पुतळ्याला डांबर फासले होते. तेव्हा त्या अवमानाचा सूड म्हणून राणीने लोकांची काळजे मागितली आहेत, असेही बोलले जाऊ लागले. ऑक्टोबर संपता संपता गिरणीकामगारांचा मोठा जमाव आर्थर रोड इस्पितळावर चालून गेला, आणि कमिशनरांना आपला हुकूम सैल करावा लागला.

अफवांना हसणे सोपे आहे. पण त्यांच्या पोटात जी भीती होती ती खरी होती, आणि तिचा परिणाम त्याहून खरा होता. लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, कोठीच्या आड, कधी रात्रीच्या आगगाडीने परगावी. अधिकाऱ्यांपासून लपलेला रोगी रोगाला मात्र मोकळा होता.

मार्च १८९७ मध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली. लष्करी शिस्तीचा हा माणूस. घरझडत्या, विलगीकरण शिबिरे, स्टेशनांवरील तपासणी हे सारे त्याच्या काळात वाढलेच. परंतु एका गोष्टीत त्याने शहाणपण दाखविले. ज्या जातीजमाती स्वतःची इस्पितळे काढतील त्यांना ती काढू द्यावीत, असे त्याने ठरविले आणि त्यांच्या पुढाऱ्यांना हाती धरले. पारशी, खोजा, मेमण, जैन, भाटिया अशा अनेक समाजांची इस्पितळे उभी राहिली. पक्की इमारत नसली तर मांडव आणि झापांवर भागले. पैसा शेटजींचा आणि पंचायतींचा, देखरेख सरकारी डॉक्टरांची. स्वयंपाक आपल्या जातीचा, उशाशी घरचे माणूस बसलेले; वैद्य वा हकीम हवा असला तर त्यालाही मुभा. दहा महिन्यांपूर्वी ज्या शहराने इस्पितळावर दगड उचलला होता, त्याच शहरातील माणसे आता आपले रोगी आपल्या पायांनी इस्पितळाच्या दारी आणू लागली.

वैद्यकीय दृष्टीने पाहता या इस्पितळांत प्लेगवर रामबाण असे काही नव्हते. पिसू आणि उंदीर यांची कामगिरी तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हती, डॉ. सिमाँ यांनी ती १८९८ मध्ये कराचीत दाखविली, आणि तीही बरीच वर्षे कोणी मानली नाही. इस्पितळांचा लाभ निराळा होता. रोगी उजेडात आला.

लसीची कथाही तीच. डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण एका परक्या शास्त्रज्ञाने हात पुढे केला म्हणून गल्लीतला माणूस थोडाच पुढे येतो! तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमक्ष लस घेतली तेव्हा खोजा समाजातील हजारोंनी ती घेतली.

ही बाजू मांडताना दुसरी विसरता येत नाही. मार्च १८९८ मध्ये रिपन रोडच्या बाजूस मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका मुलीच्या तपासणीवरून दंगा उसळला, आणि सक्ती अजून संपलेली नाही हे दिसून आले. पुण्यात तर रँडच्या कारभाराचा शेवट २२ जून १८९७ रोजी गोळीबारात झाला होता. तेथेही लोकमान्य टिळकांनी हिंदूंसाठी निराळे इस्पितळ काढले होते. आणि जातीचा विचार न करता रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी त्याच वर्षी १० मार्चला देह ठेवला.

सावित्रीबाईंच्या सेवेत जे होते ते मुंबईच्या जातवार इस्पितळांत नव्हते. ज्या जातीला शेटजी होते तिला इस्पितळ मिळाले. रत्नागिरीहून आलेला गिरणीकामगार, गोदीतला हमाल, झाडूवाला यांना कोणाचा मांडव? त्यांच्या वाट्याला सरकारी इस्पितळ आणि झडतीच राहिली. ही उणीव भरून निघण्यास वेळ लागला. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, ती कोणत्याही एका जातीची नव्हती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबईत ७६८ माणसे नेली, तेव्हा नगरपालिकेची यंत्रणा अपुरी पडली. लीगचे स्वयंसेवक औषधाच्या बाटल्या घेऊन चाळीचाळीतून फिरले. अनेक समाजांच्या संस्थाही पुढे सरसावल्या. या वेळी दार ठोठावणाऱ्याला घरातून विचारला जाणारा प्रश्न बदललेला होता: कोणाकडून आलात, असा नव्हे, तर औषध किती वेळा घ्यायचे, असा.