वनोपज-वाहतूक परवाना व इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज-विनिमय (चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे)

खरेदी-आदेश, रवानगी-सूचना, बीजक, पोच यांसारखे व्यापारी दस्तऐवज ठराविक साच्यात बसवून एका व्यवहारपक्षाच्या संगणकातून दुसऱ्याच्या संगणकात थेट पाठविण्याच्या पद्धतीस इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज-विनिमय असे म्हणतात. या व्याख्येत दोनच पक्ष गृहीत धरलेले आहेत : विकणारा व घेणारा. विदर्भाच्या पूर्व टोकाकडील चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत मात्र लाकूड, बांबू व तेंदूपाने यांच्या व्यापारात सव्वाशेहून अधिक वर्षे तिसरा पक्ष उभा आहे. तो म्हणजे शासन. मालाची किंमत दोघांनी ठरवली, तरी तिसऱ्याने दिलेल्या परवान्यावाचून माल जागचा हलत नाही. त्यामुळे येथील दस्तऐवजांचा इतिहास हा मुख्यतः परवाना कोणी द्यावा, या वादाचा इतिहास आहे. कागद जाऊन संगणक आला, ही त्यातील उत्तरकालीन व तुलनेने सोपी घटना होय.

नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर चांदा प्रदेश इंग्रजी अंमलाखाली आला. आलापल्ली, अहेरी व सिरोंचा या भागांतील सागवानाला मागणी मोठी होती. रस्ते नव्हते, तेव्हा नदी हाच मार्ग. प्राणहिता व गोदावरी यांच्या प्रवाहातून ओंडक्यांचे तराफे खाली किनारपट्टीकडे जात. प्रवाहात सोडलेला ओंडका कोणाचा, हे ओळखावयाचे तर त्यावर खूण हवी व खुणेची नोंद कोठेतरी हवी. हातोड्याने ठोकलेला शिक्का आणि त्याच्याशी जुळणारा कागदी दाखला, ही जोडी या गरजेतून रूढ झाली. १८७८ च्या व पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनोपजाच्या वाहतुकीविषयीच्या तरतुदीचा आरंभ नद्या व त्यांचे काठ यांच्या उल्लेखाने होतो, त्यामागे हीच पार्श्वभूमी आहे.

१९२७ च्या अधिनियमातील कलम ४१ हे या विषयाचे मूळ होय. जमिनीवरून वा जलमार्गाने जाणाऱ्या सर्व इमारती लाकडाचे व अन्य वनोपजाचे नियंत्रण या कलमान्वये राज्य शासनाकडे आहे. रीतसर अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या परवान्याशिवाय माल हलविण्यास मनाई करण्याची, परवाने देण्याची, ते तपासणीस मागण्याची व परत घेण्याची तसेच वाटेत माल थांबवून त्यावर खूण करण्याची तरतूद नियमांद्वारे करता येते. परवाना परत घेण्याची तरतूद सहसा दुर्लक्षिली जाते. वस्तुतः दिलेला कागद पोचल्याची नोंद होऊन मूळ स्थानी परतावा, स्थळप्रतीशी जुळावा व व्यवहार मिटावा, ही कल्पना आधुनिक दस्तऐवज-विनिमयातील ‘पोच-संदेशा’चीच आहे. उणीव एवढीच, की मौशी वा कसनसूर येथून निघालेली प्रत परत येऊन जुळेपर्यंत ओंडके कधीच चिरले गेलेले असत.

परवान्यावर माल कोठून निघाला, कोठे जाणार, प्रजाती, नग, मोजमाप, वाहन व मुदत यांच्या नोंदी असतात. तो मालकीहक्काचा दस्तऐवज नव्हे. १९३० च्या मालविक्री अधिनियमानुसार रेल्वे-पावती हा मालावरील हक्काचा दस्तऐवज ठरतो व तिच्या हस्तांतराने माल हाती येण्यापूर्वीच व्यवहार करता येतो. वाहतूक परवान्यास असे स्थान नाही. तथापि याच वन अधिनियमाच्या कलम ६९ नुसार मालकीविषयी वाद उत्पन्न झाल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, वनोपज शासनाचेच मानले जाते. परिणामी ज्याच्या हाती परवाना नाही त्याला मालाची मालकी सिद्ध करण्याचा भार उचलावा लागतो. नाक्यावर अडलेल्या माणसाच्या दृष्टीने परवाना व मालकी यांत फारसे अंतर उरत नाही. चलनवलनाचा कागद हक्काच्या कागदासारखा वागू लागला, तो या मार्गाने.

काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग १९२९ च्या सुमारास पूर्ण होऊन उत्तर व दक्षिण भारत यांना जोडणारी थेट वाट झाली आणि बल्लारशा हे लाकडाचे मोठे विक्रीकेंद्र बनले. बल्लारपूर येथील कागद उद्योगाची कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली व परिसरातील बांबूला मोठे गिऱ्हाईक मिळाले. १९६९ च्या अधिनियमाने तेंदूपानांच्या व्यापाराचे नियमन शासनाने हाती घेतले. १९७४ मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ अस्तित्वात आले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. या सर्व काळात परवान्याचे स्वरूप जवळजवळ बदलले नाही. कार्बन कागद, शिक्का, सही व नाक्यावरील जाडजूड नोंदवही हीच त्याची साधने राहिली.

याच सुमारास अन्यत्र दस्तऐवजांच्या प्रमाणीकरणाचे कार्य सुरू झाले होते. बर्लिनच्या १९४८-४९ मधील हवाई पुरवठ्यात निरनिराळ्या देशांतून व भाषांतून येणाऱ्या मालयाद्यांचा गोंधळ होऊ लागला, तेव्हा एडवर्ड गिल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तारायंत्राने पाठविता येईल अशी एकच प्रमाणित मालयादी तयार केली. अमेरिकेत १९६८ मध्ये वाहतूक क्षेत्रातील कंपन्यांनी यासाठी समन्वय समिती स्थापन केली. १९७९ मध्ये त्या देशात राष्ट्रीय मानकांचे काम हाती घेण्यात आले व १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने सिद्ध झालेली ‘एडिफॅक्ट’ ही मानकप्रणाली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. या साऱ्या प्रयत्नांत कष्टाचा भाग यंत्राचा नव्हता. रकान्यांविषयी एकमत घडविण्याचा होता. ‘नग’ म्हणजे काय, वजन ओले की सुके, तारीख कोणत्या क्रमाने लिहावयाची, हे ठरल्याखेरीज दोन संगणक एकमेकांशी बोलू शकत नाहीत.

भारतात सीमाशुल्क विभागाने १९९० नंतरच्या दशकात दस्तऐवजांच्या इलेक्ट्रॉनिक विनिमयास आरंभ केला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला आणि इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कागदाच्या बरोबरीची कायदेशीर मान्यता मिळाली. कलम ६ अन्वये शासकीय परवाने व अनुज्ञप्ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देता येतात. परंतु शासनाने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज स्वीकारलाच पाहिजे असा आग्रह धरण्याचा हक्क नागरिकास नाही, असे कलम ९ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. व्यापारी पक्षांमधील विनिमय परस्पर कराराने होतो. परवान्याच्या बाबतीत माध्यमाची निवडही देणाऱ्याकडेच राहते.

चंद्रपूर-गडचिरोलीत या प्रश्नाला तोंड फुटले ते बांबूवरून. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला व ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना दिला. याउलट १९२७ च्या अधिनियमातील व्याख्येप्रमाणे ‘वृक्ष’ या संज्ञेत ताडवर्गीय झाडे, खुंट व वेत यांबरोबर २०१७ पर्यंत बांबूही येत असे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे तृणकुलातील आहे, हे येथे सांगण्यास हरकत नाही. पण परवाना देणारा अधिकारी वनस्पतिशास्त्राने बांधलेला नसून अधिनियमाने बांधलेला असतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावास २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील अशा अगदी पहिल्या हक्कपत्रांत त्याची गणना होते. आपल्या गावात आपणच सरकार, ही घोषणा या गावाने फार पूर्वीच दिली होती. ग्रामसभेने बांबू विकावयाचे ठरविले, तेव्हा वाहतूक परवाना मिळेना. बांबू हा वृक्ष असून तो गौण वनोपज नव्हे, ही वन विभागाची भूमिका होती.

आणखी एक अडचण २००८ च्या वनहक्क नियमांतच होती. गौण वनोपजाच्या विल्हेवाटीत वनक्षेत्रातील वाहतुकीचा समावेश केलेला असला, तरी ती डोक्यावरून, सायकलने वा हातगाडीने करावी, असे त्यांत म्हटले होते. मोटार-वाहनांसाठी प्रचलित परवाना-नियम कायम होते. बांबू हातगाडीवर घालून कागदाच्या कारखान्यापर्यंत नेता येत नाही. ज्या मालाचे गिऱ्हाईक शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, त्याच्या विक्रीचा हक्क डोक्यावरील ओझ्याएवढाच ठेवणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्याने काढून घेणे होय.

२१ मार्च २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी सर्व राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूस गौण वनोपज मानावे, असे कळविले. २७ एप्रिल २०११ रोजी रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हे मेंढा (लेखा) येथे आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. ते ग्रामसभेतर्फे देवाजी तोफा यांनी स्वीकारले. संगणकाशी या प्रसंगाचा काहीही संबंध नव्हता. ते साध्या छापील पावत्यांचे पुस्तक होते. तरीही या प्रदेशातील व्यापारी दस्तऐवजांच्या इतिहासात त्याहून महत्त्वाची घटना दाखविणे कठीण आहे. कारण पहिल्यांदाच माल विकणारा आणि परवाना देणारा एकच झाला. ६ सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांनी ही गोष्ट सर्वत्र लागू केली. ‘योग्य त्या वाहतूक साधनांनी’ माल नेण्यास मुभा मिळाली, परवाना ग्रामसभेच्या समितीने अथवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीने द्यावा असे ठरले आणि परवान्याच्या आवश्यकतेमुळे विल्हेवाटीच्या हक्कास बाध येणार नाही, असा खुलासाही करण्यात आला.

परवान्याबरोबर बाकीचे दस्तऐवजही गावाकडे आले. ग्रामसभांना आयकर विभागाचा कायम खाते-क्रमांक घ्यावा लागला. निविदा, करारनामा, हजेरीपत्रक, बँक-खाते यांचा व्यवहार समजून घ्यावा लागला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या गावास २०१२ मध्ये सु. १,००६ हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला व तेथील ग्रामसभेने बांबूची तोड व विक्री स्वतः सुरू केली. तेंदूपाने विकावयाची नाहीत, असेही पाचगावाने ठरविले. पाने तोडण्यासाठी फांद्या छाटल्या जातात व आगी लावल्या जातात, हे त्यामागील कारण होते. २०१३ पासून गडचिरोली व गोंदिया जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभांनी तेंदूपानांची स्वतंत्र विक्री आरंभिली. या व्यापारात फळीवरील (संकलन केंद्रावरील) पुड्यांची रोजची मोजणी हा पायाभूत दस्तऐवज आहे. भाव जाहीर निविदेने चांगला मिळाला, तरी काही हंगामांत ठेकेदारांकडील रकमा थकल्या. माल रवाना करण्याचा कागद ग्रामसभेच्या हाती होता; पैसे वसूल करण्याचा तितकाच बळकट कागद तिच्याजवळ नव्हता. ही उणीव नव्या पद्धतीच्या चाहत्यांनी पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही.

इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज या भागात प्रथम आले ते करविषयक व रेल्वेविषयक व्यवहारांतून. रेल्वेने मालवाहतुकीसाठी संगणकीय माहिती-प्रणाली उभारली. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तेंदूपानांवर आरंभी १८ टक्के दर होता. आंतरराज्य वाहतुकीसाठी ५०,००० रुपयांहून अधिक किंमतीच्या करपात्र मालास इलेक्ट्रॉनिक मार्गपत्र (ई-वे बिल) १ एप्रिल २०१८ पासून आवश्यक झाले व राज्यांतर्गत वाहतुकीस ते टप्प्याटप्प्याने लावण्यात आले. एकाच ट्रकबरोबर कराचे पत्र मोबाइलमध्ये व वनाचा परवाना खिशात, अशी स्थिती त्यामुळे उद्भवली. दोहोंत मालाचे वर्णन एकच. पण एकात किंमत मुख्य, दुसऱ्यात मोजमाप मुख्य. दोन्ही नोंदी एकमेकींशी आपोआप पडताळल्या जाव्यात, हा दस्तऐवज-विनिमयाचा खरा लाभ अशा वेळी हाती लागत नाही.

वनोपजासाठी राष्ट्रीय परवाना-प्रणालीचा प्रायोगिक वापर २०२० मध्ये मध्य प्रदेश व तेलंगण या राज्यांत सुरू झाला. २९ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रीय मंत्री भूपेंद्र यादव यांनी नवी दिल्ली येथे ती देशभरासाठी खुली केली. तीत अर्ज संगणकावरून वा मोबाइलवरून करता येतो. परवान्यावर यंत्राने वाचता येणारे चौकोनी संकेतचिन्ह असते व ते नाक्यावर तपासता येते. परवान्यातून सूट असलेल्या प्रजातींसाठी ना-हरकत प्रमाणपत्र मिळते. वाटेतील प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना काढण्याची गरज राहू नये, हा तिचा मुख्य हेतू आहे. गडचिरोलीच्या सीमा तेलंगण व छत्तीसगढ यांना भिडलेल्या असल्याने या हेतूचे महत्त्व येथे विशेष आहे. सिरोंचाहून निघालेले वाहन नदी ओलांडताच दुसऱ्या राज्यात असते.

तथापि भामरागड, एटापल्ली यांसारख्या तालुक्यांत दूरसंचाराचे जाळे दीर्घकाळ विरळ राहिले. नक्षलवादी कारवायांत मनोऱ्यांची हानी झाल्याच्याही घटना घडल्या. ज्या दस्तऐवजाची सत्यता दूरच्या संगणकाला विचारून ठरते, तो संपर्कावाचून मुका होतो. शिक्क्याच्या कागदाला ही अडचण नसते. दुसरा प्रश्न संकल्पनेचा आहे. राष्ट्रीय प्रणालीची रचना अर्जदार व मंजुरी देणारा वन अधिकारी या दोन भूमिकांभोवती आहे. २०१२ च्या नियमांनुसार गौण वनोपजाचा परवाना देणारी ग्रामसभेची समिती ही अर्जदार नव्हे, ती स्वतःच परवाना देणारी आहे. तिला केवळ अर्जदाराच्या रकान्यात बसविल्यास २७ एप्रिल २०११ रोजी गावाच्या हाती आलेले पुस्तक संगणकाच्या वाटेने परत गेल्यासारखे होईल. उलट, तिच्या सहीस इलेक्ट्रॉनिक सहीचे स्थान देऊन तिने दिलेला परवाना नाक्यावरील यंत्रास ओळखता आला, तर मेंढ्याहून वा पाचगावाहून निघालेला बांबूचा ट्रक कोणत्याही सीमेवर खुलाशाविना पुढे जाऊ शकेल. त्यासाठी लागणारे तंत्र अवघड नाही. परवाना देणाऱ्यांच्या यादीत आणखी काही शेकडा नावे घालावी लागतील.