खर्जाची साथ



धानाची कापणी आटोपली की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस येतात. कुठे मंडई भरते, कुठे शंकरपट होतो, आणि रात्री वडशाकडच्या एखाद्या मंडळीचे नाटक उभे राहते. तुम्ही घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसता. दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा होते ती नायकाची आणि 'वन्समोअर' घेणाऱ्या गायकाची. पण ज्याने रात्रभर ऑर्गन वाजविला, ज्याने तबला धरला, त्याचे नाव विचारा बरे! बहुधा कोणाला सांगता येत नाही.

आज मी अशाच एका साथीदाराची हकीकत सांगणार आहे. माणूस आपल्या मुलखातला नाही, इंग्लंडचा आहे. त्याचे नाव जॉन डीकन. 'क्वीन' म्हणजे 'राणी' या नावाचा चौघा गायकवादकांचा एक संच तिकडे होऊन गेला. त्याची गाणी जगभर गाजली. त्या संचात डीकन बास गिटार वाजवीत असे.

आता बास गिटार म्हणजे काय? साध्या गिटारीला सहा तारा असतात. हिला बहुधा चार, आणि त्याही जाड. हिचा सूर खाली, खर्जात लागतो. अमेरिकेत लिओ फेंडर याने 1951 साली विजेवर चालणारी अशी गिटार बाजारात आणली आणि नव्या गाण्यांचा पायाच तिच्यावर उभा राहिला. गंमत अशी की, हा खर्ज वेगळा म्हणून फारसा ऐकू येत नाही. तो थांबला म्हणजे मात्र चटकन कळतो. भजनात मृदंग थांबला की टाळ कसे पोरके वाटतात, तसेच हे.

या 'क्वीन'चा एक धागा आपल्या महाराष्ट्रात गुंतलेला आहे. तिचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारुख बलसारा, पारशी घरातला मुलगा. त्याचा जन्म 1946 साली आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावर झाला. 1955 च्या सुमारास आईवडिलांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवले. तेथे 1958 साली पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचे पथक काढले. फारुख पियानो वाजवी. खर्जासाठी गिटार कुठून आणणार? मुलांनी चहाच्या रिकाम्या खोक्याचेच वाद्य केले! अशा खोक्याला काठी आणि दोरी लावून ती ताणली की खालचा सूर निघतो. तेव्हा खर्जावाचून भागत नाही, हे त्या शाळकरी पोरांनाही कळले होते.

पुढे हा गायक लंडनला गेला आणि 1970 साली 'क्वीन' उभी राहिली. पण खर्जाचा माणूस काही टिकेना. एकामागून एक आले आणि गेले. 1971 साली जॉन डीकन आला, तेव्हा तो अवघा 19 वर्षांचा होता. जन्म 19 ऑगस्ट 1951 चा, लेस्टर शहरातला. अकरा वर्षांचा असताना वडील वारले. गावच्या मुलांच्या पथकात तो आधी साधी गिटार वाजवी; बास वाजविणारा गेला म्हणून ते काम त्याने अंगावर घेतले. लंडनला चेल्सी कॉलेजात त्याने इलेक्ट्रॉनिक्स घेतले आणि पदवी पहिल्या वर्गात मिळविली. बोलणे मोजके आणि विजेच्या उपकरणांची उत्तम जाण, असा हा मुलगा. संचाला नेमका असाच माणूस हवा होता.

त्याचा एक किस्सा शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावा. 1972 च्या सुमारास रस्त्याच्या कडेला टाकून दिलेल्या भंगारात त्याला तारांचे जोडकाम असलेली एक पट्टी सापडली. ती घरी नेऊन त्याने आवाज वाढविणारे एक छोटे यंत्र बनविले. त्याला बटण नाही की खटका नाही. संचातल्या ब्रायन मे याने त्याच यंत्रातून आपली गिटार अशी वाजविली की ध्वनिमुद्रिकेवर सनई-व्हायोलिनांचा ताफा वाजत असल्याचा भास व्हावा.

हा अबोल माणूस गाणीही रचीत असे. 1980 साली त्याच्या एका गाण्याने अमेरिकेत पहिला क्रमांक मिळविला. त्या गाण्याची सुरुवातच बास गिटारीच्या चालीने होते. एरवी मागे असणारा खर्ज तिथे पुढे येऊन बोलला! 13 जुलै 1985 रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर, इथिओपियातील दुष्काळपीडितांसाठी झालेल्या कार्यक्रमात, सुमारे 72 हजार लोकांसमोर हे चौघे वीसएक मिनिटे वाजले. लोक आजही त्यात मर्क्युरीलाच पाहतात. डीकन मागे, तबकड्यांच्या आणि ढोलांच्या जवळ, आपले काम करताना दिसतो.

24 नोव्हेंबर 1991 रोजी एड्सच्या विकाराने मर्क्युरी वारला. दोघा सोबत्यांनी पुढे नवे गायक घेऊन गाणे चालू ठेवले. डीकनला ते पटले नाही. मर्क्युरीची जागा दुसऱ्या कोणी भरून निघणार नाही, असे त्याचे मत होते. 1997 च्या जानेवारीत पॅरिसला तो सोबत्यांबरोबर मंचावर अखेरचा वाजला आणि मग घरी बसला. 2001 साली अमेरिकेत संचाचा मोठा सन्मान झाला, तेव्हाही तो गेला नाही. कोणी म्हणेल, कला थांबवू नये, सोबत्यांनी केले तेच योग्य. मलाही पुष्कळदा तसे वाटते. पण ज्याला आपण वीस वर्षे साथ केली तो गेल्यावर वाद्य खाली ठेवणे, हीही साथीचीच एक रीत आहे, असे मानायला काय हरकत आहे?

डीकनचे नाव निदान तबकड्यांवर छापले गेले. आपल्या साथीदारांचे काय? 2023 साली गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीचा नट दिल्लीपर्यंत पोचला. आपल्या सर्वांनाच त्याचा आनंद झाला. परंतु नटाच्या गाण्याला सूर धरणारा पेटीवाला, दंडारीत रात्र जागविणारा ढोलकीवाला, यांच्या नोंदी कुठे आहेत? शिक्षक मित्रहो, हे काम तुमच्या हातचे आहे. गावात एखादा म्हातारा साथीदार असेल तर मुलांना घेऊन त्याच्याकडे जा. कोणापाशी शिकला, कोणत्या नाटकांना बसला, काय बिदागी मिळे, हे विचारा आणि शाळेच्या वहीत उतरवून ठेवा. येत्या हंगामात पडदा पडला की घरी निघण्यापूर्वी एवढे करा: ऑर्गनवाल्याजवळ जा आणि त्याचे नाव विचारा.